साइट कुठवर?

नागपूरहून रायपूरला जाताना मालगाड्या मोजायची मला लहानपणापासूनची खोड. आत्या रायपूरला, त्यामुळे दर उन्हाळ्यात हा प्रवास ठरलेला. गोंदिया गेलं, डोंगरगडची बमलेश्वरीची टेकडी खिडकीतून मागे सरकली, की समोरून येणाऱ्या मालगाड्यांचा रतीब सुरू होतो. तेव्हा नुसते डबे मोजायचो. यंदा या लेखाच्या निमित्तानं डब्यांत काय आहे तेही बघत गेलो. कोळसा, सिमेंट, पोलाद. सगळं पश्चिमेकडे, म्हणजे आपल्याकडे निघालेलं. नागपुरात किंवा पुण्यात उभ्या राहणाऱ्या टॉवरच्या सळया, त्या धरून ठेवणारं सिमेंट आणि वरच्या मजल्यावरचे एसी चालवणारी वीज, यांतलं बरंच काही या पट्ट्यातून येतं. आपण घराचा पत्ता सांगतो तो गल्लीचा. घराचं माहेर मात्र इकडे असतं.

आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी पहिल्या वर्षापासून एक शब्द बसतो : साइट. डिझाइनचा प्रश्न हातात पडला की पहिली शीट ‘साइट अ‍ॅनालिसिस’ची. उत्तर दिशेचा बाण, सूर्याचा मार्ग, वाऱ्याची दिशा, उतार, झाडं, येण्याजाण्याचा रस्ता. भोवती प्लॉटची तुटक रेघ. त्या रेघेच्या बाहेर कागद पांढरा. मुलं रात्र रात्र जागून रेघेच्या आतलं सगळं जीव ओतून रंगवतात, सकाळी ज्यूरीसमोर उभी राहतात, आणि रेघेबाहेरचं कुणी विचारत नाही. पर्यावरणाचं संकट राहतं ते त्या पांढऱ्या जागेत. ती जागा जिथं डोळ्यांनी दिसते अशी गावं देशात थोडी, आणि रायपूर त्यांतलं एक आहे.

आत्याचं घर तात्यापाऱ्यात. नावावरूनच कळतं की वस्ती आपली. भोसल्यांचा अंमल छत्तीसगडवर बसला, १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात ठाण मांडलं, आणि त्या मागोमाग कारकून, भिक्षुक, वकील, मास्तर येत गेले. माधवराव सप्रे याच मराठी रायपूरचे. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं ते हिंदीत, वामनराव लाखे प्रकाशक. मराठी माणसांनी चालवलेलं हिंदी मासिक ही रायपूरची ओळख आजही टिकून आहे असं आत्याचं बोलणं ऐकताना वाटतं. अर्धं वाक्य मराठी, क्रियापद नागपुरी, शिवी छत्तीसगढी.

या घराचा पुढचा भाग पंचवीस वर्षांपूर्वी पाडून स्लॅब टाकला. मागचे दोन खण पैशाअभावी राहिले. तिथं अजून हातभर जाडीची मातीची भिंत आहे आणि वर खपरा, म्हणजे आपली देशी कौलं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो तेव्हा फरक अंगाला कळतो. दहाबारा सेंटिमीटरच्या काँक्रीटमधून दुपारचं ऊन तीनचार तासांत आत उतरतं, म्हणजे ऐन संध्याकाळी घरात भट्टी. हातभर मातीच्या भिंतीला तेच ऊन पोचवायला दहाबारा तास लागतात. ते आत येईतो मध्यरात्र होते आणि बाहेर गारवा पडलेला असतो. आर्किटेक्चरच्या पुस्तकात याला ‘टाइम लॅग’ म्हणतात. आत्याचं स्पष्टीकरण असं : “दुपारी मागं झोपते, रात्री गच्चीवर. मधलं घर कशाला बांधून राहिलो होतो काय माहीत.”

हे ज्ञान वर्गात शिकवलं जात नाही असं मुळीच नाही. उलट भारतात ते बऱ्यापैकी जुनं आहे, फक्त आपल्याकडे यायला त्यानं लांबचा वळसा घेतला. ऑटो कोनिग्सबर्गर हा जर्मन वास्तुविशारद नाझींमुळे देश सोडून म्हैसूर संस्थानात आला, तिथं मुख्य वास्तुविशारद झाला, स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारचं गृहनिर्माण पाहिलं आणि मग लंडनला गेला. १९५३ साली तिथं ‘ट्रॉपिकल आर्किटेक्चर’वर परिषद झाली, पुढच्याच वर्षी आर्किटेक्चरल असोसिएशनच्या शाळेत त्याच विषयाचा विभाग निघाला. आपल्या मुलांना ‘क्लायमेटॉलॉजी’त सावल्यांचे कोन आणि महोनी तक्ते घोकावे लागतात, त्यांचं मूळ तिथं आहे. म्हैसूरच्या उन्हात जे उमगलं ते लंडनहून पाठ्यपुस्तक होऊन परत आलं. तेव्हापासून तो एक पेपर आहे. सुटला की सुटला.

पर्यावरणाचंही तसंच. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये हा विषय शिक्षणात अनिवार्य करायला सांगितलं. अंमलबजावणी रेंगाळली, २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, तेव्हा कुठं पदवीच्या सगळ्या शाखांना सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम आला. इतिहासाच्या, वाणिज्याच्या आणि आर्किटेक्चरच्या मुलांना एकच पुस्तक. हेतू चांगला, पण आर्किटेक्चरच्या शाळेत खरं राज्य स्टुडिओचं, म्हणजे डिझाइनच्या तासांचं असतं. आठवड्याचे सर्वाधिक तास त्याचे, सगळ्यात जास्त मार्क त्याचे, रडणं-हसणं त्याच्यापायी. जे स्टुडिओत विचारलं जात नाही ते मुलं पेपरापुरतं लिहितात आणि विसरतात.

रायपुरात ग्रेट ईस्टर्न रोडवर, लोक ज्याला नुसतं जी. ई. रोड म्हणतात, तिथं एनआयटी आहे. तिचा जन्म मला फार बोलका वाटतो. १४ सप्टेंबर १९५६ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी कोनशिला बसवली तेव्हा नाव होतं गव्हर्नमेंट कॉलेज ऑफ मायनिंग अँड मेटलर्जी. मार्च १९६३ मध्ये पंडित नेहरूंनी उद्घाटन केलं. शेजारी भिलाई, जिथं १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली होती, आणि भोवती लोखंड, कोळसा, चुनखडीच्या खाणी. त्या खाणींना माणसं हवी होती म्हणून कॉलेज. पुढे ते अभियांत्रिकी महाविद्यालय झालं, १ डिसेंबर २००५ ला एनआयटी झालं. जमीन खणायला शिकवण्यासाठी निघालेल्या या संस्थेत आज आर्किटेक्चरचाही विभाग आहे. एकाच आवारात खाण, भट्टी आणि घर या तिन्ही गोष्टींचे विभाग असलेली संस्था आर्किटेक्चरच्या शिक्षकाला आणखी कुठं मिळणार? एखाद्या सत्रात तिन्हीकडची मुलं एका टेबलाशी बसवली तर काय होईल याची मला उत्सुकता आहे. आपल्याकडे विभागांमधल्या भिंती आत्याच्या मागल्या भिंतीपेक्षा जाड असतात, हे मात्र खरं.

टेबलाशी काय मांडायचं? मी चुनखडीपासून सुरुवात करीन. रायपूर, तिल्दा, भाटापारा, बलौदाबाजार हा सगळा प्रदेश चुनखडीवर बसलेला आहे. जुन्या घरांत पायाखाली जी काळसर फरशी दिसते तीही याच खडकाची. शुद्ध चुनखडी शंभर किलो भाजली की छप्पन किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. भट्टी १४५० अंशांवर न्यायला कोळसा जळतो त्याचा धूर वेगळा. उद्या भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हे चव्वेचाळीस किलो जाणारच, कारण ते इंधनातलं नाही, दगडातलं आहे. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनात निम्म्याहून जास्त वाटा या दगडाचा असतो. माझ्या ओळखीच्या किती आर्किटेक्टांना हे समीकरण येतं ते मी विचारून पाहिलं आहे. मैत्री टिकावी म्हणून आकडा सांगत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये ऊर्जा आणि उद्योगप्रक्रियांतून झालेल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सुमारे ३७ टक्के वाटा इमारती आणि बांधकामाचा होता. यातला मोठा भाग इमारत वापरताना खर्च होणाऱ्या विजेचा, उरलेला ती बांधताना लागलेल्या मालाचा. आपल्याकडचं लक्ष वर्षानुवर्षं पहिल्या भागावर राहिलं. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता २००७ मध्ये आली, घरांसाठी ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये. दोन्हींचा पहिला रोख भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत येते यावर. चांगलंच आहे ते. पण इमारतीत पहिला दिवा लागण्याआधीच बलौदाबाजारच्या आकाशात जे गेलं ते परत आणता येत नाही, आणि ते मोजायची सवय कुणाला लागलेली नाही.

उपाय नाहीत असं नाही, आणि त्यांतले काही तर इथलेच. भिलाईच्या झोतभट्टीतून निघणारी मळी दळून जामुलच्या कारखान्यात स्लॅग सिमेंट होत आलं आहे. तितका क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजलेला सिमेंटचा कच्चा माल, वाचतो. कोरब्याच्या वीजकेंद्रांची राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश, विटांत वापरावी असा केंद्राचा आदेश १९९९ चा. आधी ५० किलोमीटरचा घेर, मग शंभर, २०१६ मध्ये तीनशे. अलीकडे चुनखडी आणि भाजलेल्या चिकणमातीचं ‘एलसी-३’ सिमेंट स्वित्झर्लंडच्या लोझानमधली संस्था आणि आपल्या आयआयटींनी मिळून तपासलं, २०२३ मध्ये त्याला भारतीय मानकही मिळालं. राखाडी वीट रायपुरात कोपऱ्याकोपऱ्यावर दिसते. पण स्टुडिओच्या शीटवर अजून ‘ब्रिकवर्क’ एवढाच शब्द आणि तांबडा रंग.

राखेच्या विटेबद्दल मला एक कुरकुर आहे. ती वापरली की हात झटकता येतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये ८८ औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूर चौथं आणि कोरबा पाचवं होतं. दोन्ही कोळशाची गावं, दोन्हींकडून आपण वीज आणि राख घेतो. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शहरांच्या हवेचे आकडे काढले त्यात सूक्ष्म धूलिकणांचं वार्षिक प्रमाण दिल्लीत घनमीटरला १५३ मायक्रोग्रॅम होतं, रायपुरात १३४. दिल्लीवर अग्रलेख आले. रायपूरच्या उरला-सिलतऱ्याकडे स्पंज आयर्नच्या भट्ट्या आहेत, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणाऱ्या काळ्या धुळीबद्दल इथल्या बायका वर्षानुवर्षं बोलत आल्या आहेत. या भट्ट्यांच्या लोखंडाची सळई स्वस्त पडते म्हणून विदर्भातले मिस्त्री ‘रायपूरचा माल’ आवर्जून मागतात. स्वस्त का पडते, हा प्रश्न साइटच्या रेघेबाहेरचा.

ऑक्टोबर २०२१ मध्ये तो प्रश्न स्वतःच चालत शहरात आला. हसदेव अरण्यातले शेकडो आदिवासी सुमारे तीनशे किलोमीटर पायी चालून रायपूरला राज्यपालांना भेटायला आले. त्यांच्या जंगलाखाली कोळसा आहे आणि तिथल्या परसा ईस्ट केते बासन खाणीचा कोळसा राजस्थानच्या सरकारी वीज कंपनीसाठी काढला जातो. जयपूरच्या एखाद्या काचेच्या इमारतीला पश्चिमेकडून सावली दिली नाही, म्हणजे दुपारी एसी जास्त चालतो, म्हणजे सरगुजा-कोरब्याकडच्या सालवृक्षांखालची जमीन थोडी अधिक उघडी होते. साखळी एवढी सरळ नसते, मला ठाऊक आहे, ग्रिडमध्ये सगळ्यांची वीज एकत्र होते. पण हसदेव वाचवण्याच्या चळवळीतल्या आलोक शुक्लांना २०२४ चा पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला तेव्हा आर्किटेक्चरच्या वर्गांत त्यावर तास झाला असता तर गैर झालं नसतं.

आता तलाव. रायपूरवर लिहायचं आणि तलावांवर थांबायचं नाही, हे शक्य नाही.

छत्तीसगढीत जुन्या गावांचं मोठेपण सांगताना म्हणतात : ‘छै आगर छै कोरी तरिया’. कोरी म्हणजे वीस, आपली बाजारातली कोडी. सहा कोडी आणि वर सहा, म्हणजे एकशे सव्वीस तलाव. रायपूरही असंच तलावांचं गाव. बूढा तालाब, महाराजबंध, कंकाली तालाब, तेलीबांधा. नावात ‘बंध’ किंवा ‘बांधा’ आलं की समजायचं, इथं कुणीतरी पार घालून पाणी अडवलं होतं. पाऊस इथं भरपूर, हजार-बाराशे मिलिमीटरच्या पुढे, पण सगळा चार महिन्यांत. जमीन सपाट. म्हणून उतारावर एकाखाली एक तलाव, वरचा भरला की त्याचं जादा पाणी खालच्यात. पार म्हणजे बांध, पचरी म्हणजे घाटाच्या पायऱ्या, बायांचा घाट वेगळा आणि पुरुषांचा वेगळा, गुरांची उतरण तिसरीकडे. मधोमध लाकडी खांब, कारण तलावाचं रीतसर लग्न लावायचं. अंघोळ-कपडे-गुरं यांच्या पाण्याला ‘निस्तारी’ म्हणतात. निस्तार हा शब्द भंडारा-गोंदियाच्या सातबारा पाहणाऱ्यांना नवा नाही. तिथल्या कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारी तलाव, ज्यांना आपण लाडानं ‘मामा तलाव’ म्हणतो, ते याच कुळातले.

मला सांगा, साइट अ‍ॅनालिसिसचा यापेक्षा चांगला धडा कुठला? इथं रेघ प्लॉटवर संपतच नाही. तुमच्या प्लॉटवर पडलेलं पाणी कुणाच्या तलावात जातं आणि वरच्याचं तुमच्याकडे येतं का, हे ठाऊक असल्याशिवाय जोत्याची उंची ठरत नव्हती. आज जोत्याची उंची रस्त्यावरून ठरते. रस्ता दर डांबरीकरणाला वर चढतो, घर दर पावसाळ्यात खाली जातं. रजबंधा तालाब आता रजबंधा मैदान आहे. नावानं बंधारा, अंगानं इमारती. अशा मैदानांत पहिल्या जोरदार सरीला पाणी साचलं की लोक महापालिकेला शिव्या घालतात. पाणी बिचारं जुन्या पत्त्यावर येतं.

जे वाचले त्यांचं सुशोभीकरण झालं. बूढा तालाबला विवेकानंद सरोवर नाव मिळालं, कारण किशोरवयातला नरेंद्र १८७७ मध्ये कुटुंबाबरोबर रायपुरात राहायला आला होता. मध्ये बेटावर त्याचा भलाथोरला पुतळा आहे. तेलीबांध्याला आता सगळे ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. फिरायला पक्की वाट, रोषणाई, २०१६ मध्ये उभारलेला ८२ मीटरचा ध्वजस्तंभ. संध्याकाळी मीही भाजकं मक्याचं कणीस खात तिथं एक फेरी मारली, छान वाटतं, खोटं का बोलू? मुलं पळतात, म्हातारे बाकांवर बसतात. फक्त तलावाला कड आली आणि पार गेली. पाणी कुठून येतं आणि भरल्यावर कुठं जातं, हे फेरी मारणाऱ्याला कळायची सोय राहिली नाही. समुद्राचं नाव दिलेल्या तलावाकडून आणखी काय अपेक्षा करायची!

आर्किटेक्चरच्या शाळा पर्यावरणाच्या या प्रश्नाला उत्तर म्हणून बहुधा मातीकडे वळतात, आणि तिथं मला वेगळीच भीती वाटते. सुट्टीत ‘डॉक्युमेंटेशन’ला मुलं बस्तर-सरगुज्याला जातात, आदिवासी घरांची सुंदर पेन्सिलचित्रं काढतात, छुई मातीनं सारवलेल्या भिंतींचे फोटो आणतात. परत येऊन काचेचा मॉल डिझाइन करतात. नवा रायपुरात पुरखौती मुक्तांगण आहे, तिथं ही घरं तिकीट काढून बघता येतात. अवतीभवती रुंद, सावलीविना रस्ते आणि काँक्रीटची राजधानी, जिच्यासाठी जमिनी दिलेल्या गावांतले शेतकरी २०२२ मध्ये धरण्यावर बसले होते.

सोनाबाई रजवार यांचं उदाहरण मुलांना नीट सांगितलं पाहिजे. सरगुजातल्या पुहपुटऱ्यात लग्न होऊन आलेली ही बाई वर्षानुवर्षं घराच्या आतच अडकली. एकटेपणात तिनं मातीची खेळणी केली, भिंतींवर पक्षी-माणसं उठवली, आणि ओसरीच्या खांबांमध्ये बांबूच्या चिपांवर माती चढवून जाळ्या विणल्या. ऐंशीच्या दशकात भोपाळच्या भारत भवनची माणसं तिथवर पोचली, पुढे पुरस्कार आले, परदेशात प्रदर्शनं झाली. संग्रहालयांनी ती ‘कला’ म्हणून उचलली. पण ती जाळी ऊन गाळते, वारा आत सोडते आणि बाहेरच्याला आतलं दिसू देत नाही. पाच वर्षांच्या पदवीत ‘शेडिंग डिव्हाइस’ म्हणून जे शिकवतात ते सगळं तीत आहे, शिवाय ती तुटली तर घरच्या घरी दुरुस्त होते.

आणि तरीही गावातल्या माणसाला पक्कं घर हवंय, यात त्याचं काय चुकलं? खपरा दर वर्षी पावसाआधी फिरवावा लागतो. माकडं फोडतात. फुटलेली कौलं करून देणारा कुंभार राहिला नाही. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीवर एक लाख वीस हजार, डोंगराळ भागात एक लाख तीस हजार मिळतात आणि किमान २५ चौरस मीटरचं घर व्हावं लागतं. स्थानिक पद्धतीच्या घरांच्या आराखड्यांचं ‘पहल’ नावाचं संकलन सरकारनंच आयआयटी दिल्ली आणि यूएनडीपीबरोबर केलं होतं. प्रत्यक्षात गावागावांत उभा राहतो तो स्लॅबचा डबा, कारण गवंड्याला तोच येतो. इथं आर्किटेक्टची खरी गरज होती. पण आर्किटेक्टची फी बांधकाम खर्चाच्या टक्क्यांत ठरते. सव्वा लाखाच्या घरावर किती टक्के घेणार? आणि हाच हिशेब उलटा पाहा : जितकं सिमेंट जास्त तितकी फी जास्त. कमी बांधा, जुनं दुरुस्त करा, असा सल्ला देणारा आपल्याच पोटावर पाय देतो. फ्रान्सच्या लाकातों आणि वासाल या जोडीनं जुन्या इमारती न पाडता वाढवण्यावर आयुष्य घालवलं आणि २०२१ मध्ये त्यांना आर्किटेक्चरचं मानाचं प्रित्झकर पारितोषिक मिळालं. आपल्याकडे दुरुस्ती हा विषय अजून ठेकेदाराचा.

आपल्या वर्ध्यात हे सगळं एकदा करून झालं आहे. १९३६ मध्ये सेवाग्रामला गांधीजींसाठी झोपडी उभी राहिली ती जवळपासच्या मालानं, गावच्या मजुरांनी, पाचशे रुपयांच्या मर्यादेत. पुढे सत्तरच्या दशकात देवेंद्रकुमारांनी वर्ध्याला सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस काढलं. तिथं कुंभाराकडून शंकूसारखी मातीची भांडी करून घेऊन, एकात एक अडकवून कमानदार छपरं बांधली गेली. लाकूड नाही, सळई नाही, आणि कुंभाराला काम. हे ज्ञान खेड्यासाठी विज्ञान म्हणून ओळखलं गेलं, आर्किटेक्चर म्हणून फारसं नाही. परीक्षेला येत नाही.

मग शिकवायचं कसं? नवा विषय काढू नका, एवढं मी हात जोडून म्हणेन. मुलांच्या डोक्यावर आधीच पुरेसे आहेत. एक जुनाच विषय आहे : ‘एस्टिमेशन अँड कॉस्टिंग’. सगळ्यात रटाळ म्हणून प्रसिद्ध. त्यात मुलं तक्ता करतात : काम, परिमाण, दर, रक्कम. रेती किती ब्रास, गिट्टी किती ब्रास, सळई किती टन, सिमेंटची पोती किती. त्या तक्त्याला उजवीकडे दोन रकाने वाढवावेत. हे कुठून आलं? तिथं मागे काय राहिलं? रायपूरच्या मुलाला ते भरायला गुगल लागणार नाही. सकाळी भाटापाऱ्याची लोकल पकडली की दुपारपर्यंत चुनखडीच्या खड्ड्याच्या काठावर, दुसऱ्या दिवशी सिलतरा, तिसऱ्या दिवशी महानदीची रेती. आणि येताना सिरपूरला थांबावं. महाशिवगुप्त बालार्जुनाची आई वासटा हिनं सातव्या शतकात बांधवलेलं लक्ष्मण मंदिर तिथं विटांत उभं आहे. त्या रकान्यात ‘नदीकाठची माती’ एवढंच लिहावं लागेल.

असा तक्ता घेऊन ज्यूरीसमोर उभ्या राहिलेल्या पोराला पहिला प्रश्न कुठला येईल ते मला आत्ताच ऐकू येतंय : “पण तुझं एलिव्हेशन कुठंय?”

निघताना आत्यानं मागच्या छपरावरचं एक कौल कागदात गुंडाळून दिलं. मागचाही स्लॅब यंदा दिवाळीनंतर टाकायचाय, पोरांनी ठरवलंय. “आठवण म्हणून ठेव,” म्हणाली. कौलाच्या पाठीवर कुंभाराची बोटं उमटली आहेत, तीन स्पष्ट, चौथं अर्धवट. परतीची गाडी स्टेशनाबाहेर थांबवून ठेवली, मालगाडीला वाट द्यायला. मी खिडकीशी कौल मांडीवर घेऊन बसलो आणि सवयीनं मोजायला लागलो. अठ्ठावन्न डबे. शेवटच्या डब्याचा लाल दिवा नागपूरकडे गेला, आमची गाडी अजून उभीच होती.